घाटेअळीचा विषाणू मधमाशीला का मारत नाही? (आणि माझ्या भाच्याच्या हिमोफिलियाशी त्याचा काय संबंध)

पूर्णाकाठ | सोमवार, रात्री १०:२५

धागा शेतीत टाकावा की आरोग्यात, कळेना. ॲडमिननी पाहिजे तिथं हलवावा.

मी परभणीला कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकलो. आता सेलूजवळ घरचं रान आणि एक कृषी सेवा केंद्र बघतो. अक्काच्या मुलाला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला, हिमोफिलिया ए आहे, तीव्र प्रकारचा. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची जी साखळी असते, त्यातलं आठव्या नंबरचं प्रथिन, फॅक्टर आठ, त्याच्या अंगात जवळजवळ तयारच होत नाही. लोकांना वाटतं कापलं की रक्त थांबत नसेल. तेही आहे, पण खरी भीती आतल्या रक्तस्रावाची. गुडघा, घोटा, कोपर.

मागच्या शुक्रवारी शाळेत खो-खो खेळताना नुसता खाली बसला, पडलासुद्धा नाही. संध्याकाळी गुडघा कवठाएवढा. दाजी आणि मी त्याला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो, तर फॅक्टर संपलेलं. रजिस्टर उलटं फिरवून दाखवलं, "बगा, शिल्लक शून्य." मग तिथून पुढच्या जिल्ह्यात. पहाटे साडेतीनला कुपी हातात आली. ती हलवायची नसते, फेस होतो. तळहातांत धरून अलगद घुसळायची, भुकटी पाण्यात विरेपर्यंत. सिस्टर घुसळत होत्या आणि पोरगं माझ्याकडं बघत होतं. रडत नव्हतं. त्याला सवय झालीय, हेच वाईट.

रविवारी तुरीवर एनपीव्ही फवारला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा घाटेअळीचा विषाणू. फ्रीजमधून बाटली काढायची, पंपात थोडी नीळ टाकायची, कारण उन्हानं विषाणू मरतो, आणि दिवस कलल्यावरच फवारायचा. अळीनं पान खाल्लं की तो तिच्या पोटात जातो. चार-सहा दिवसांत अळ्या शेंड्यावर चढतात, मागच्या पायांनी उलट्या लटकतात, काळ्या पडतात. बोट लावलं की फुटून पांढरट पाणी सांडतं. त्यातून पुन्हा विषाणू.

आणि त्याच फुलोऱ्यावर मधमाश्या घोंगावत असतात. त्यांना काही नाही. ढालकिड्यांना नाही. मला तर नाहीच, मी वीस वर्षं उघड्या हातानं फवारायलोय.

पंप पाठीवर असतानाच डोक्यात आलं. जो विषाणू एवढ्या किड्यांतून एकच अळी ओळखतो, तसा माणसाच्या नेमक्या पेशीत जाणारा विषाणू बनवून त्याच्या पाठीवर फॅक्टर आठचं जनुक का लादत नाहीत? जीन थेरपी म्हणजे हेच म्हणतात. मग अडलंय कुठं?

---

बालाघाट | सोमवार, रात्री १०:५१

वाचायलोय. भाच्याला लवकर बरं वाटो. तो रजिस्टरमधला शून्याचा हिशेब वाचून डोकं फिरलं.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ११:१२

म्हणजे आजारी लेकराला विषाणू टोचायचा? आधी विषाणू सोडायचा आणि मग त्यावर औषध विकायचं, हा धंदा आपण बघितलाय. माझं मत. धाग्याचं काश्मीर करायचं नाही.

---

पिपेटवाली | मंगळवार, सकाळी ७:४०

स्पष्टवक्ता काका, तुम्ही कोव्हिशील्ड घेतली असेल तर विषाणूवाहक तुम्हाला टोचून झालाय. चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस, त्याची वाढ होण्याची सोय काढून टाकलेली आणि आत करोनाच्या काट्याचं जनुक. फक्त तिथं पत्त्याची फिकीर नव्हती. दंडाच्या स्नायूत टोचलं, आसपासच्या पेशींत गेलं, काम झालं.

पूर्णाकाठ भाऊ, मी मूळची उदगीरची, आता हैदराबादला एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. तुमचा प्रश्न इतका बरोबर आहे की उत्तर दोन हप्त्यांत द्यावं लागेल. आत्ता लॅबला निघायचंय.

पहिली गोष्ट तुमच्याच एनपीव्हीची. तो मधमाशीला मारत नाही याला एक कुलूप नाही, निदान दोन आहेत. विषाणू ज्या स्फटिकात बंद असतो तो अळीच्या आतड्यातल्या जबर क्षारात विरघळतो. तुमच्या-माझ्या पोटात आम्ल आहे, तिथं तो प्रकारच होत नाही. हे झालं दाराचं कुलूप. पण याच घराण्यातला एक विषाणू प्रयोगशाळेत थेट माणसाच्या यकृताच्या पेशींवर टाकून बघितलाय, १९९५ च्या सुमारास. आत गेला की हो! सहज गेला. पण आत जाऊन त्याचा हुकूम चालेना. त्याची जनुकं चालू करणारी बटणं किड्यांच्या पेशींतच दाबली जातात.

आत शिरणं वेगळं आणि आत जाऊन हुकूम चालणं वेगळं. जीन थेरपीतली सगळी पत्त्याची भानगड या दोन वाक्यांत आहे.

---

पूर्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

ताई, हे आम्हाला विद्यापीठात कुणी सांगितलं नाही. हेक्टरी किती एलई (म्हणजे किती अळ्यांएवढा विषाणू) मारायचं ते पाठ करून घेतलं फक्त.

---

पिपेटवाली | मंगळवार, रात्री ९:३०

आता माणसांकडं.

हिमोफिलियात बहुतेक ठिकाणी जो विषाणू वापरतात त्याचं नाव एएव्ही. १९६५ मध्ये ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला. एकट्यानं वाढायची ताकद नाही, दुसऱ्या विषाणूच्या मागं लागून पोट भरणारा. माणसाला त्यानं आजार होतो असं दिसलेलं नाही. मिलिमीटरचे चाळीस हजार तुकडे केले तर एका तुकड्याएवढा. त्याचं कवच ६० प्रथिनांचं, एकमेकांत अडकवलेलं. आतलं त्याचं स्वतःचं सामान काढायचं, दोन टोकं तेवढी ठेवायची आणि मधे आपलं जनुक भरायचं.

पेशीच्या अंगावर साखरेचे आणि प्रथिनांचे फुटवे असतात. कवचाचे उंचवटे त्यांत जिथं बसतात तिथं विषाणू चिकटतो. एएव्हीचे नैसर्गिकच बरेच प्रकार आहेत, नंबरांनी ओळखतात. दोन नंबरचा हेपरानसारख्या साखरेला धरतो, नऊ नंबरचा गॅलॅक्टोजला, पाच नंबरचा सायलिक आम्लाला. कवचावरचे एखाद-दोन आर्जिनिन (हे एक अमिनो आम्ल) बदलले की दोन नंबरची ती पकड सुटते आणि तो यकृतात कमी जातो. एवढ्याशा बदलानं.

तुम्ही विचारलंत तसा नेमका पत्ता बनवायचे रस्ते मला तरी असे दिसतात. निसर्गातला तयार प्रकार उचलायचा. किंवा हातानं कवच कोरायचं: अमुक प्रथिनाला चिकटेल असा तुकडा, कधी अँटिबॉडीचा छोटा भाग, उंचवट्यावर बसवायचा. किंवा मग आपण शहाणपणा करायचाच नाही, निवड करायची. हे तुम्हाला लगेच कळेल.

कवचाच्या एका उंचवट्यावर सात अमिनो आम्लांची जागा मोकळी करतात. प्रत्येक जागी वीसपैकी कुठलंही. एकूण १२८ कोटी वेगवेगळी कवचं शक्य. त्यांतली लाखो-कोटी एकत्र बनवून उंदराच्या शिरेत सोडतात. काही दिवसांनी समजा मेंदू काढला, तर त्यात जी पोचली तीच वेगळी काढायची, पुन्हा वाढवायची, पुन्हा सोडायची. बियाण्याची निवडच ती.

---

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:५२

बदनापूरला तुरीचे वाण काढतात तसं! बीडीएन ७११ असाच ओळीओळीतून छाटत छाटत आला असणार. लागवड करायची, मर रोगात जो तगला तो ठेवायचा.

---

पिपेटवाली | मंगळवार, रात्री १०:२०

अगदी. आणि वाणाची जी गंमत तीच इथं. काळ्या रानात गाजलेलं वाण माळावर झोपतं ना?

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमधून एक कवच आलं, पीएचपी.बी. नऊ नंबरच्या एएव्हीत सात अमिनो आम्लं घातलेली. शिरेत टोचलं की मेंदूत मूळ विषाणूपेक्षा चाळीसपट जास्त पोचायचं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सहसा कुणाला ओलांडू देत नाही. याला तीही अडवेना. आमच्या क्षेत्रात दिवाळी. मग कुणीतरी ते वेगळ्या वंशाच्या उंदरावर वापरलं. काही नाही. माकडावर वापरलं. काही नाही.

कारण २०१९ ला सापडलं. ते कवच एलवाय६ए नावाच्या एका प्रथिनाला धरून भिंत ओलांडत होतं. ते प्रथिन त्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांवर होतं, दुसऱ्या वंशात त्याचं रूप वेगळं, आणि माकडांत-माणसांत ते नाहीच. तीन वर्षं लोकांनी उंदराच्या दाराची किल्ली घासून घासून चकचकीत केली.

मला हा किस्सा फार आवडतो. चूक कुणाचीच नव्हती. निवड ज्या रानात केली त्या रानाचीच झाली.

त्यावरून धडा घेऊन त्याच गटातल्या संशोधकानं पुढं बोस्टनजवळ उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी माणसाच्या मेंदूच्या वाहिन्यांवरचं प्रथिन ठरवलं, ट्रान्सफेरिनचा ग्राहक, लोह आत घेणारा, आणि त्याला धरणारी कवचं शोधली. २०२४ मध्ये छापलं. माणसाचा हा ग्राहक बसवलेल्या उंदरांत ते मेंदूभर पसरलं.

(पोस्टमन आणि पिनकोडची उपमा द्यायची नाही असं ठरवलं होतं. बघा, जमलं.)

---

मायलेकी | मंगळवार, रात्री ११:०५

नऊ नंबरचा म्हणजे एसएमएच्या इंजेक्शनमधला ना? झोल्गेन्स्मा? माझ्या मुलीला एसएमए आहे, कण्यातल्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे होण्याचा आजार. आम्ही लातूरचे. २०२१ मध्ये मुंबईच्या एका बाळासाठी लोकांनी १६ कोटी जमवले, तेव्हा आम्हीही पेटी फिरवली होती. आमचे नाही जमले. केंद्राच्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे म्हणतात. १६ कोटीत ५० लाख.

मला फक्त एक विचारायचं होतं. ते इंजेक्शन शिरेत देतात. मग ते मेंदूत आणि कण्यात कसं जातं आणि बाकीचं कुठं जातं?

---

बालडॉक | बुधवार, सकाळी ६:५०

मायलेकी ताई, मी नांदेडला बालरोगतज्ज्ञ आहे. प्रश्न नेमका विचारलात.

बाकीचं बहुतेक यकृतात जातं. शिरेत टोचलेला जवळजवळ प्रत्येक एएव्ही आधी यकृत गिळतं. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला भोकं असतात, रक्त थेट पेशींना भिडतं. नऊ नंबरचा विषाणू कण्यातल्या चेतापेशींपर्यंत पोचतो, पण थोडा. म्हणून डोस अफाट द्यावा लागतो. झोल्गेन्स्माचा डोस किलोमागे ११० लाख कोटी विषाणूकण आहे. आकडा चुकलेला नाही. एवढं सगळं यकृतातून जातं, म्हणून सोबत स्टिरॉइड आणि कित्येक आठवडे यकृताच्या तपासण्या.

पत्ता नेमका बनवायचा तो एवढ्यासाठी. बरोबर पेशीत पोचावं हे अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे चुकीच्या पेशीत कमी जावं, म्हणजे डोस उतरेल. स्नायूंच्या डुशेन आजारात हे फार टोचतं, कारण स्नायू अंगभर. तिथं २०२३ ला अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधानंतर २०२५ मध्ये चालता न येणारी दोन मुलं यकृत निकामी होऊन गेली. त्याआधी स्नायूंच्या दुसऱ्या एका आजाराच्या चाचणीत, आणखी मोठ्या डोसवर, मुलं दगावली होती. आणि १९९९ मध्ये फिलाडेल्फियाला जेसी गेल्सिंगर, अठरा वर्षांचा, ॲडिनोव्हायरस टोचल्यावर चार दिवसांत. स्पष्टवक्ता म्हणतात तो धोका अगदीच हवेतला नाही, फक्त तो धंद्यातून येत नाही, डोसातून आणि प्रतिकारशक्तीच्या उसळीतून येतो.

ताई, तुमची मुलगी किती वर्षांची? तोंडानं घ्यायचं औषधही आता आहे. खाजगी निरोप पाठवा.

---

स्पष्टवक्ता | बुधवार, सकाळी ८:०५

डॉक्टरसाहेब, मान्य. पण "अगदीच हवेतला नाही" एवढं तरी पदरात पडलं. 😀

मायलेकी ताई, पेटी पुन्हा फिरवायची असेल तर मला सांगा. भांडखोर असलो तरी वर्गणीला पक्का आहे.

---

सहस्रकुंड | बुधवार, दुपारी २:४०

किनवट तालुक्यात गुरुजी आहे. आमच्याकडं सिकलसेल. माझ्याच वर्गात दोन पोरं आहेत, थंडीत आणि पाणी कमी पडलं की हाडं दुखायला लागतात, बाकावर डोकं टाकून पडतात. २०२३ पासून तपासणीची मोहीम चालू आहे, पिवळी-लाल कार्डं मिळायलेत. सिकलसेलला असा पत्ता लिहिलेला विषाणू आहे का? की आम्ही यादीत खालीच?

---

पिपेटवाली | बुधवार, रात्री ८:४५

गुरुजी, तुमच्याकडं एक वेगळी युक्ती आहे आणि मला ती सगळ्यात हुशार वाटते. पत्ता लिहायचाच नाही.

रक्ताच्या मूळपेशी अंगाबाहेर काढता येतात. मग विषाणूला अंगभर शोधत फिरवायचं कशाला? पेशी काढायच्या, भांड्यात ठेवायच्या, त्यावर विषाणू ओतायचा. त्या भांड्यात दुसरी पेशीच नाही, तर चुकेल कुठं? मग रुग्णाला किमो देऊन जुन्या पेशींची जागा रिकामी करायची आणि या परत सोडायच्या. इथं एएव्ही चालत नाही, लेंटिव्हायरस लागतो, एचआयव्हीचं घराणं, पण त्याचे दात पाडलेले. तो जनुक गुणसूत्रात शिवून टाकतो, म्हणून पेशी कितीही वेळा दुभंगली तरी जनुक सोबत जातं. त्याच्या अंगावरचा मूळ पत्ता काढून दुसऱ्याच एका विषाणूचा मुखवटा चढवतात. अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ ला सिकलसेलवर एकाच दिवशी दोन उपचार मंजूर झाले, एक असा लेंटिव्हायरसचा आणि एक क्रिस्परचा, म्हणजे जनुकच कापून बदलायचं, विषाणूशिवाय. किंमती वीस लाख डॉलरच्या वर. तेव्हा यादी सोडा, दुकान परवडत नाही.

शिवण्यातही धोका आहे. पॅरिसमध्ये जुन्या पद्धतीच्या रेट्रोव्हायरसनं प्रतिकारशक्ती नसलेली मुलं बरी केली आणि नंतर त्यांतल्या काहींना रक्ताचा कॅन्सर झाला. विषाणूनं जनुक नको त्या जागी शिवलं होतं आणि शेजारचं बटण दाबलं गेलं. आजचे लेंटिव्हायरस ते टाळण्यासाठीच वेगळे बांधलेत.

आपल्याकडं मुंबईच्या आयआयटीतून आलेली कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून रक्ताच्या कॅन्सरवर सोडायच्या), ऑक्टोबर २०२३ ला मंजुरी मिळालेली, तीही याच पद्धतीची. पेशी बाहेर काढून लेंटिव्हायरस.

आणि पूर्णाकाठ भाऊ, आता तुमच्या भाच्याचं. वेल्लोरच्या सीएमसीनं हिमोफिलिया ए वर हेच केलंय. पाच रुग्ण, सगळे मोठे. त्यांच्या मूळपेशी काढून लेंटिव्हायरसनं फॅक्टर आठचं जनुक घातलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं. उपचार रुजल्यावर पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव नाही. त्यात दुसरं कुलूपही आहे: जनुकापुढं असं बटण लावलंय की ते मोनोसाइट घराण्याच्या पेशींतच, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींतच, दाबलं जावं. विषाणू मूळपेशीत गेला तरी हुकूम त्यांच्या लेकरांतच चालतो. आणि ते फॅक्टर आठ थोडं माणसाचं, थोडं डुकराचं जोडलेलं आहे, कारण डुकराचा तो भाग पेशीतून जास्त सुटतो.

---

पूर्णाकाठ | बुधवार, रात्री ९:१०

वेल्लोर! म्हणजे रेल्वेनं काटपाडी. दाजींना आत्ताच फोन लावतो.

---

बालडॉक | बुधवार, रात्री ९:१८

थांबा भाऊ. फोन लावा, पण तिकीट काढू नका.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. वेल्लोरचे पाचही जण बावीस किंवा त्यापुढचे होते, आणि किमो आहे त्यात. आणि हिमोफिलियाचे मंजूर झालेले एएव्ही उपचार फक्त मोठ्यांसाठी आहेत. कारण साधं आहे. एएव्ही जनुक शिवत नाही, पेशीत नुसतं ठेवतो. मुलाचं यकृत वाढतंय, पेशी दुभंगतात, ठेवलेलं जनुक वाटलं जाऊन विरळ होत जातं. आणि दुसरा डोस देता येत नाही, कारण पहिल्या डोसानंतर रक्तात त्या कवचाविरुद्ध इतक्या अँटिबॉडी होतात की पुन्हा टोचलेला विषाणू वाटेतच पकडला जातो. एकच संधी, आणि ती वाढत्या यकृतावर खर्च करायची नाही. कित्येकांच्या रक्तात तर नैसर्गिक एएव्हीमुळं त्या अँटिबॉडी आधीपासूनच असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिलीही संधी नाही.

---

पूर्णाकाठ | बुधवार, रात्री ९:४०

दाजींना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, "बरं" म्हणाले. अक्का मागून विचारत होती, पण यकृत तर विषाणू स्वतःहून धरतो म्हणता, मग आमच्या लेकराच्या आजाराला तरी पत्ता सोपा ना?

मलाही तोच प्रश्न पडलाय.

---

पिपेटवाली | बुधवार, रात्री ११:३०

अक्कांचा प्रश्न सोन्यासारखा आहे. इथं बसून राहिले म्हणून आमच्या हॉस्टेलचं जेवण चुकलं, पण लिहितेच.

हिमोफिलिया बी ला उत्तर "हो" आहे. फॅक्टर नऊ यकृताच्या मुख्य पेशीतच बनतो, एएव्हीही तिथंच जातो. जनुक लहान, सहज बसतं. वर इटलीतल्या पादुआच्या एका घराण्यात सापडलेलं फॅक्टर नऊचं असं रूप वापरतात की जे कित्येक पट जोरानं काम करतं. त्याचं औषध हेमजेनिक्स, अमेरिकेत मंजुरी नोव्हेंबर २०२२, तेव्हाची किंमत ३५ लाख डॉलर. पाच नंबरचं कवच.

हिमोफिलिया ए ला दोन अडचणी. एक, सामान. एएव्हीत फार तर ४७०० अक्षरं मावतात. फॅक्टर आठचा संदेश ७००० च्या आसपास. त्याच्या मधला एक भाग काढला तरी काम चालतं हे माहीत होतं म्हणून बरं, तो कापून ४४०० वर आणतात आणि खच्चून भरतात. (डुशेनवाल्यांचं दुःख याच्यापेक्षा मोठं. त्यांचा संदेश ११,००० अक्षरांचा. नुसता सांगाडा पाठवतात.)

दुसरी अडचण म्हणजे "यकृत" हा एक पत्ता नाहीच. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं. फॅक्टर आठ अंगात मुळात बनतो तो यकृताच्या मुख्य पेशीत नाही, तिथल्या वाहिन्यांना आतून अस्तर असणाऱ्या पेशींत. एएव्ही जातो शेजारच्या बिऱ्हाडात. ती पेशी बिचारी करते काम, पण ते तिचं काम नव्हे. फॅक्टर आठच्या एएव्ही उपचारात, रोक्टाव्हियन नावाचा, २०२३ ला अमेरिकेत आला, पातळी पहिल्या वर्षी छान चढली आणि मग वर्षागणिक उतरत गेली. चुकीच्या बिऱ्हाडावर लादलेला ताण हे त्याचं एक कारण असावं असं पुष्कळांना वाटतं. फॅक्टर नऊचं तसं झालं नाही, तो टिकून आहे.

म्हणून लोक आता अस्तराच्या पेशीच धरतील अशी कवचं शोधतायत, आणि सोबत दुसरं कुलूप. कुलूप दोन्ही बाजूंनी लावता येतं. एक, त्याच पेशीत दाबलं जाणारं बटण. दुसरं, जनुकाच्या शेपटीला अशी खूण जोडायची की नको असलेल्या पेशीतला सूक्ष्म आरएनए ती बघून संदेश फाडून टाकेल. यकृताच्या मुख्य पेशीत मिर-१२२ नावाचा सूक्ष्म आरएनए भरभरून असतो. त्याची खूण जोडली की विषाणू तिथं शिरला तरी जनुक गप्प. मला कवचापेक्षा ही खुणेची पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण ती उंदराच्या दारावर अवलंबून नाही. पण लॅबमध्ये हे बोलले की कवचवाले रागावतात.

आणि भाऊ, आता तुमच्या धंद्यातली बातमी. हेमजेनिक्स आणि रोक्टाव्हियनचे विषाणू वाढवतात कशात माहितेय? लष्करी अळीच्या पेशींत.

---

पूर्णाकाठ | बुधवार, रात्री ११:३८

मक्यावरची? २०१८ ला कर्नाटकातून आली ती? जिच्यावर मी दर खरिपात हजारोंचं औषध विकायलोय ती?

---

पिपेटवाली | बुधवार, रात्री ११:५२

तीच. आपल्या रानात यायच्या कितीतरी आधी ती प्रयोगशाळेत होती. तिच्या कोषाच्या अंडाशयातून काढलेल्या पेशी. एसएफ९ म्हणतात, एसएफ म्हणजे तिच्याच शास्त्रीय नावाची आद्याक्षरं. मी रोज वाढवते. २७ अंशांला, काचेच्या हलत्या चंबूत, गढूळ ताकासारख्या दिसतात.

आणि त्यांत एएव्ही बनवायला आत काय सोडतात? एनपीव्हीचाच भाऊ. तुमच्या बाटलीतला विषाणू ज्या बटणानं स्फटिकाचं प्रथिन ढीगभर बनवतो, ते बटण ठेवायचं आणि स्फटिकाच्या जागी एएव्हीच्या कवचाचं जनुक बसवायचं. दोन-तीन दिवसांत पेशी फुगतात. तुम्ही अळीवर बघता तेच, फक्त उलट्या लटकत नाहीत. मग गाळून, साफ करून एएव्ही वेगळा.

---

बालाघाट | गुरुवार, सकाळी ७:०२

आमच्या मका बुडवलेल्या अळीच्या पेशीवर ३५ लाख डॉलरचं औषध. अळीला हमीभाव द्या आता.

---

बालडॉक | गुरुवार, सकाळी ७:३०

😀 पूर्णाकाठ भाऊ, आता कामाचं. मुलाची इनहिबिटरची तपासणी शेवटची कधी झाली? फॅक्टर आठ बाहेरून घेणाऱ्या काहींच्या अंगात त्याविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात. असल्या तर फॅक्टर काम करेनासं होतं, आणि पुढं कुठलाही जीन उपचार आला तरी आधी तीच तपासणी मागतील. ती आत्ता करा. दुसरं, गुडघ्याचा व्यायाम, सूज उतरल्यावर फिजिओकडून शिकून. तिसरं, हिमोफिलियाच्या उपचार केंद्रात विचारा की घरी ठेवायला फॅक्टर देतील का आणि अक्कांना शीर धरायला शिकवतील का. पहाटे साडेतीन वाजता दोन जिल्हे फिरायचे नाहीत पुन्हा.

एमिसिझुमॅबबद्दलही विचारा. ते फॅक्टर नाही, पण फॅक्टर आठचं काम करतं, कातडीखाली टोचतात, शीर शोधावी लागत नाही.

---

पूर्णाकाठ | १४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

धागा वर काढतोय, माफी असावी.

इनहिबिटर निगेटिव्ह. सूज उतरलीय, गुडघा वाकतो, पूर्ण नाही. अक्का शीर धरायला शिकली. पहिल्यांदा तिचाच हात थरथरत होता, पोरगंच म्हणालं, "माय, वरची नको, ही घे." केंद्रातून घरी ठेवायला दोन कुप्या मिळाल्यात. दोन ते आठ अंशांत ठेवायच्या. अक्काच्या गावात दिवसाला आठ तास लाईट नसते, म्हणून माझ्या दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवू म्हणतो, इन्व्हर्टर आहे. एनपीव्हीच्या बाटल्यांच्या वरच्या कप्प्यात. चालेल ना डॉक्टरसाहेब?

---

बालडॉक | १४ फेब्रुवारी, रात्री ९:११

अजिबात नाही! कीडनाशकाच्या फ्रीजमध्ये रक्तातलं औषध नाही. विषाणू निरुपद्रवी असला तरी नाही. वेगळा फ्रीज.

---

पूर्णाकाठ | २० फेब्रुवारी, रात्री ८:३०

घेतला. जुना आहे, परतूरहून आणला, आवाज करतो पण गार होतो. दाराला भाच्यानं कागद चिकटवलाय: "मामा, इथं अळ्यांचं औषध ठेवू नये." खाली लष्करी अळीचं चित्र काढलंय, डोक्यावरचा उलटा वाय बरोबर आलाय.